एक कंटेनर, चार निकाल: न्हावा शेवा बंदरातील खाद्यपदार्थ आयातीचे एक प्रकरण

दिवाळीच्या भेटपेट्यांचा व्यवसाय करणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याने इटलीतील एका निर्यातदाराकडून चार प्रकारचा माल एकाच वीस फुटी कंटेनरमध्ये मागवला. त्यात पास्ता, क्रीम भरलेली वेफर बिस्किटे, चॉकलेट भरलेले पाकीटबंद क्रोसाँ आणि २५० मिलिलिटरच्या कॅनमधील एनर्जी ड्रिंक होते. चारही पदार्थ एकाच इन्व्हॉइसवर, एकाच बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) आणि पुढे एकाच बिल ऑफ एंट्रीत (सीमाशुल्क विभागाकडे भरायच्या आयात घोषणापत्रात) नोंदलेले होते. तरीही पास्ता सरळ सुटला, बिस्किटे स्टिकर लावून सुटली, क्रोसाँ नष्ट करावे लागले आणि एनर्जी ड्रिंक आले तसे परत गेले. कस्टम्स ब्रोकर म्हणून या मालाची कागदपत्रे माझ्या हातून गेली. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की हे चारही निकाल इटलीतील जिनोव्याच्या धक्क्यावर कंटेनरचे दार बंद झाले तेव्हाच ठरलेले होते आणि न्हावा शेव्याच्या अधिकाऱ्यांनी ते फक्त वाचून दाखवले.

आयातदाराची तयारी

हे गृहस्थ निष्काळजी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड त्यांच्याकडे होता. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, आयातदारासाठीचा केंद्रीय परवाना त्यांनी काढला होता आणि पाकीटबंद वस्तूंचा आयातदार म्हणून वजन-मापे पाहणाऱ्या वैधमापन विभागाकडे नोंदणीही केली होती. परवान्यात पेयांचा वर्ग सुरुवातीला नव्हता, तोसुद्धा त्यांनी ऑर्डर देण्यापूर्वी जोडून घेतला होता. नवख्या आयातदारांपैकी निम्मे तरी इथेच अडखळतात. त्यामुळे त्यांची फाइल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बरे वाटले होते.

अडचण अशी होती की हे सर्व परवाने आयात कोण करणार याच्याशी संबंधित असतात आणि आयात काय होणार हा वेगळाच प्रश्न असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम २५ प्रमाणे असुरक्षित, मिथ्याछाप (खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलाचे) किंवा हलक्या दर्जाचे अन्न कोणालाही भारतात आणता येत नाही. परवानाधारकालाही त्यातून सूट नाही. आयातीची प्रत्यक्ष कार्यपद्धती २०१७ च्या आयात विनियमांत, लेबलाचे नियम २०२० च्या लेबलिंग विनियमांत आणि प्रत्येक पदार्थाचे निकष उत्पादन मानकांच्या विनियमांत दिलेले आहेत. आयातदाराने पहिल्या दोहोंची नावे ऐकली होती, तिसरा मात्र उघडून पाहिलेला नव्हता. निर्यातदाराने मालाचे नमुने पाठवले होते. ते घरी चाखून झाले, पण त्यांची पाकिटे पालथी करून मागचा मजकूर कोणी वाचला नाही. माझ्याकडे कागद आले तेव्हा जहाज भूमध्य समुद्र सोडून बरेच पुढे गेले होते. खाद्यपदार्थांच्या आयातीत ब्रोकरला शेवटी बोलावण्याची आपल्याकडील रीत मला कधीच कळलेली नाही.

बंदरातील वाट

माल बंदरात येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये शुल्क बसते. आम्ही ती वेळेत भरली. खाद्यपदार्थांची बिल ऑफ एंट्री २०१६ पासून सुरू असलेल्या एक खिडकी प्रणालीतून आपोआप एफएसएसएआयकडे जाते. त्यासाठी प्रत्येक बॅचची उत्पादन तारीख, मुदत संपण्याची तारीख, घटक आणि लेबलाची छायाचित्रे आधीच द्यावी लागतात. पुढे तीन पायऱ्या असतात. प्रथम कागदपत्रांची छाननी होते, मग सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवण्या-उघडण्याच्या आवारात, कंटेनर उघडून मालाची प्रत्यक्ष पाहणी होते आणि शेवटी नमुना प्रयोगशाळेत जातो. पाहणीत लेबल नापास झाले, तर नमुना घेतलाच जात नाही. हा क्रम नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण आयातदारांची बहुतेक आशा प्रयोगशाळेवर असते आणि पुष्कळसा माल तिथवर पोहोचतच नाही.

कंटेनर उरण तालुक्यातील एका सीएफएसमध्ये हलवल्यावर दोन मीटर एकाच वेळी पळू लागतात. शिपिंग लाइन तिचा कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल डिटेंशन लावते आणि सीएफएस जागेचे भाडे लावते. सवलतीचे मोजके दिवस सरले की दोन्हींचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. एफएसएसएआयचा निर्णय लांबणार हे दिसताच आम्ही सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली अर्ज केला आणि माल सार्वजनिक बाँडेड गोदामात उतरवून रिकामा कंटेनर लाइनला परत दिला. हे कलम अशा प्रसंगासाठीच आहे. शुल्क न भरता माल तीस दिवस गोदामात ठेवता येतो आणि ही मुदत वरिष्ठांच्या परवानगीने वाढवून मिळते. आयातदाराला गोदामाचा खर्च नकोसा वाटत होता. डिटेंशनचा तक्ता समोर ठेवल्यावर त्यांनी सही केली.

पास्ता

पास्त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही आणि हीच त्याची प्रशंसा आहे. उत्पादक भारताला आधीपासून माल देणारा होता. इंग्रजी लेबल, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, शाकाहारी चिन्ह, असे सर्व काही कारखान्यातच छापलेले होते. या आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांकसुद्धा त्याने आधी मागवून घेऊन छापले होते. पाहणी झाली, नमुना दोन भागांत घेतला गेला, एक भाग प्रयोगशाळेत गेला आणि दुसरा वाद उद्भवल्यास तपासण्यासाठी राखून ठेवला गेला. प्रयोगशाळेने नमुना मिळाल्यापासून पाच दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो वेळेत आला आणि ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले.

वेफर बिस्किटे

बिस्किटांच्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता नव्हता, एफएसएसएआयचे बोधचिन्ह आणि परवाना क्रमांक नव्हता, शाकाहारी-मांसाहारी चिन्हही नव्हते. ऐकताना हे सर्वात वाईट प्रकरण वाटते. प्रत्यक्षात ते सर्वात सोपे होते, कारण २०१७ च्या विनियमांनी ज्या मोजक्या उणिवा बंदरात भरून काढण्यास मुभा दिली आहे त्यांत नेमक्या याच येतात. मूळ मजकूर न झाकता आणि न बदलता, मुख्य दर्शनी भागाशेजारी, सहज न निघणारे एकच स्टिकर लावून त्या भरून काढता येतात. प्रोप्रायटरी अन्नाचा, म्हणजे ज्याचे वेगळे मानक ठरलेले नाही अशा अन्नाचा, वर्ग, प्रकार आणि स्वरूप यांचा उल्लेखही त्याच यादीत आहे. यादी इथे संपते.

यादीत काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. उत्पादनाची तारीख त्यात नाही, मुदत संपण्याची तारीख नाही, बॅच क्रमांक नाही आणि घटकांची यादीही नाही. युरोपातील पुष्कळ पाकिटांवर नुसती ‘या तारखेपूर्वी उत्तम’ अशी एक तारीख असते आणि माल कधी बनला ते कुठेच लिहिलेले नसते, कारण तिथल्या कायद्याला त्याची गरज नाही. भारतात उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची अंतिम तारीख दोन्ही लागतात आणि त्या बंदरात चिकटवता येत नाहीत. या बिस्किटांना नशिबाने साथ दिली. उत्पादक आखाती देशांनाही माल पाठवत होता, तिकडेही दोन्ही तारखा लागतात आणि आपल्या वाट्याला त्याच छपाईची पाकिटे आली होती. ‘यात गहू, दूध आणि हेझलनट आहेत’ अशी इंग्रजी सूचनाही त्यावर होती. आखाताच्या ऐवजी जर्मनीच्या बाजारासाठी छापलेली पाकिटे भरली गेली असती, तर त्यांचा निकाल पूर्ण उलटा लागला असता.

स्टिकरवर कोणते चिन्ह छापायचे, हा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे चिघळला. माल दोन चवींचा होता, कोको आणि हेझलनट. कोकोच्या पाकिटावरील घटकांत ई-४७१ हे पायसीकारक (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक) होते. ते वनस्पती तेलापासून बनते तसे प्राण्यांच्या चरबीपासूनही बनते आणि नुसत्या क्रमांकावरून उगम कळत नाही. आम्ही उत्पादकाकडून ते वनस्पतिजन्य असल्याचे स्वाक्षरीचे पत्र मागवले. त्यात काही दिवस गेले, पण पत्र आल्यावर हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ निर्धास्तपणे छापता आले. हेझलनटच्या घटकांत अंड्याची पूड होती. भारतीय नियमांत दूध, मध, मेण आणि लाख यांना मांसाहारी व्याख्येतून सूट आहे, अंड्याला नाही. त्यामुळे त्या पाकिटावर तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आला. आयातदाराने छापून ठेवलेल्या भेटपेट्यांवर ‘संपूर्ण शाकाहारी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्यांनी आम्हाला विचारले, “अंड्याची पूड तर चिमूटभर आहे, तरी त्रिकोणच का?” त्याचे उत्तर असे की व्याख्येला चिमूट कळत नाही. आणि दिवाळीची पेटी घेणाऱ्या शाकाहारी घराच्या दृष्टीने पाहिले, तर व्याख्या बरोबरच आहे.

स्टिकर लावण्याचे काम बाँडेड गोदामात, सीमाशुल्क विभागाच्या परवानगीने झाले. पाकिटाच्या मागच्या बाजूला अनेक भाषांतील मजकूर दाटीने छापलेला होता आणि पुढे उत्पादकाचे मोठे चित्र होते. मोकळी जागा उरली ती फक्त एका कडेला, जेमतेम तीन बोटांची. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे लागणारी सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्कही त्याच तुकड्यात बसवायचा होता. अक्षरांची आणि चिन्हाची किमान उंची पाळून हे सगळे बसवायला मुद्रकाला मांडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. गोदामात चार मुली काही हजार पाकिटांवर हाताने स्टिकर लावत होत्या. पहिल्याच पेटीत स्टिकरची कड बॅच क्रमांकाच्या शेवटच्या अंकावर येत असल्याचे त्यांच्यातल्याच एकीच्या लक्षात आले. ती पेटी बाजूला काढून पुन्हा केली. पुढच्या पाहणीत अधिकाऱ्याने सर्वांत आधी बॅच क्रमांकच वाचला. बिस्किटांना त्यानंतर नमुन्याच्या टप्प्यातून जाऊन ना-हरकत मिळाली.

क्रोसाँ

क्रोसाँच्या पाकिटात, लेबलात किंवा घटकांत काहीही खोट नव्हती. खोट दिनदर्शिकेत होती. आयातीच्या वेळी पदार्थाच्या एकूण टिकाऊ मुदतीपैकी किमान ६० टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढे आयुष्य शिल्लक असल्याशिवाय सीमाशुल्क विभागाला माल सोडता येत नाही. ‘जे कमी असेल ते’ हे शब्द दिलासा देतात, पण तो सर्वांना सारखा मिळत नाही. एक वर्ष टिकणाऱ्या बिस्किटाला फक्त तीन महिने शिल्लक पुरतात. हिशेब केला तर पाच महिन्यांवर दोन्ही कसोट्या जुळतात आणि पाच महिन्यांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला ६० टक्क्यांचा नियम पकडतो.

हे क्रोसाँ १२० दिवसांचे होते. ६० टक्के म्हणजे ७२ दिवस शिल्लक हवेत. म्हणजे भट्टीतून निघाल्यापासून भारतात दाखल होईपर्यंत जास्तीत जास्त ४८ दिवस हातात होते. निर्यातदाराने चार उत्पादकांचा माल एकत्र करून कंटेनर भरेपर्यंत १६ दिवस घेतले. पुढे लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाज सुएझ कालव्यातून न येता केप ऑफ गुड होपला वळसा घालून आले आणि सागरी प्रवासालाच ३८ दिवस लागले. एकूण ५४ दिवस झाले आणि शिल्लक राहिले ६६. सुएझमार्गे तोच प्रवास सुमारे २४ दिवसांत झाला असता, तर ८० दिवस शिल्लक राहून माल निर्विवाद सुटला असता. लांबच्या मार्गाची शक्यता ऑर्डरच्या वेळी सर्वांना ठाऊक होती. शिपिंग लाइनने तर त्याचा अधिभारही लावला होता. अधिभाराची ती ओळ आयातदाराने भाड्याच्या हिशेबात धरली आणि मालाच्या वयाच्या हिशेबात धरली नाही.

सहा दिवसांची ही तूट कागदपत्रांच्या छाननीतच उघडी पडली. प्रणालीत तारखा भरलेल्या होत्याच, वजाबाकी करायची तेवढी उरली होती. आयातदाराने विनंतीपत्र लिहायचे ठरवले आणि उत्पादकाचे ‘माल १५० दिवस उत्तम राहतो’ असे पत्रही मिळवून आणले. ते पत्र दाखल करू नये, असा सल्ला मी दिला. पाकिटावर छापलेल्या तारखेच्या विरोधात उत्पादकानेच लिहून देणे म्हणजे पाकिटावरील तारीख खरी नाही असे सांगणे होते आणि त्यातून सहा दिवसांच्या तुटीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला असता. क्रोसाँ परत पाठवण्यातही अर्थ नव्हता, कारण तिकडे पोहोचेपर्यंत ते विकण्याजोगे राहिलेच नसते. आयातदाराने नष्ट करण्यास संमती दिली आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तो माल नष्ट झाला. नष्ट करण्याचा खर्चही त्यांनाच सोसावा लागला.

एनर्जी ड्रिंक

सर्वाधिक चर्चा या पेयावर झाली आणि सर्वात कमी वाव इथेच होता. कॅनच्या मागे कॅफीनचे प्रमाण १०० मिलिलिटरला ३२ मिलिग्रॅम असे छापलेले होते. लिटरला हे ३२० मिलिग्रॅम होते. भारतीय मानकात कॅफीनयुक्त पेयातील एकूण कॅफीन लिटरला १४५ पेक्षा कमी नसावे आणि ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे ठरवलेले आहे, मग ते कोणत्याही स्रोतातून आलेले असो. युरोपीय संघाच्या अन्न माहितीविषयक नियमांत अशी कमाल मर्यादा नाही. तिथे लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन असल्यास ते जास्त असल्याची आणि मुले, गर्भवती व स्तनदा मातांना ते योग्य नसल्याची सूचना छापावी लागते. ती सूचना कॅनवर होतीही. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक पिऊ नये, ही भारतात सक्तीची असलेली सूचना नव्हती.

आयातदाराचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता. “अहो, अशीच पेये मुंबईच्या प्रत्येक मॉलमध्ये दिसतात, मग माझीच का अडवता?” मॉलमधील कॅन हातात घेऊन वाचले की याचे उत्तर मिळते. मोठ्या कंपन्या भारतासाठी वेगळे मिश्रण आणि वेगळे लेबल करतात. बाहेरून कॅन सारखाच दिसला तरी आतले पेय १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत बसवलेले असते. युरोपच्या घाऊक बाजारातून उचललेला माल म्हणजे वेगळ्या देशासाठी बनवलेला वेगळा पदार्थ असतो.

त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनाचा होता. लिटरमागे २० मिलिग्रॅमचा फरक म्हणजे एका कॅनमागे ५ मिलिग्रॅम, ७५ ऐवजी ८०. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंताजनक नसल्याचे मत दिले आहे. एका कॅनने कोणाचा जीव धोक्यात येणार नाही, हे मलाही मान्य आहे. तरीही धोका किती हे तपासणे बंदरावरील प्राधिकृत अधिकाऱ्याचे काम नाही. मानकात ३०० हा आकडा लिहिलेला आहे आणि कॅनवर उत्पादकाने स्वतः त्यापेक्षा मोठा आकडा छापलेला आहे. इथे अधिकाऱ्याला विवेकाधिकार दिला, तर उद्या ३२० चालले म्हणून परवा ३५० चालेल. मर्यादा ३०० असावी की ३२०, हा वाद प्राधिकरणाच्या वैज्ञानिक समित्यांपुढे करता येतो, सीएफएसच्या शेडमध्ये नाही.

तिसरी सूचना त्यांच्या एका मित्राकडून आली होती. माल प्रयोगशाळेत पाठवा, कदाचित प्रत्यक्षात ३०० च्या आत निघेल. हा मार्ग दोन कारणांनी बंद होता. लेबलात दुरुस्त न होणारी उणीव असल्याने पाहणीतच नकार लागला होता आणि त्यामुळे नमुना घेण्याची वेळच आली नाही. समजा नमुना घेतला गेला असता आणि अहवाल २९५ आला असता, तरी कॅनवर ३२० छापलेलेच राहिले असते आणि मग तीच छपाई दिशाभूल करणारी ठरली असती. स्टिकर लावून आकडा झाकणे तर सरळ नियमभंग होता.

एफएसएसएआयने या मालाला एनसीसी, म्हणजे मानकांशी अनुरूप नसल्याचे प्रमाणपत्र, दिले. या प्रमाणपत्राविरुद्ध दाद मागता येते. प्रयोगशाळेच्या अहवालावर आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत राखीव नमुना म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते आणि अधिकाऱ्याच्या आदेशाचा पुनर्विलोकन अर्जही करता येतो. आयातदार अर्ज करण्याच्या बेतात होते. पुनर्विलोकनात मांडायचा मुद्दा कोणता, असे मी विचारले तेव्हा लेबल बदलता येत नाही आणि आकडा वादातीत आहे, एवढेच हाती उरले. अर्ज झाला नाही.

सीमाशुल्काचा निवाडा

एनसीसी मिळाल्यावर प्रकरण पुन्हा सीमाशुल्क विभागाकडे येते. अन्नविषयक कायद्याने मनाई असलेला माल हा सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो, कलम ११२ खाली आयातदाराला दंड होऊ शकतो आणि कलम १२५ खाली विमोचन दंड (जप्तीऐवजी भरायची रक्कम) भरून माल परत पाठवण्याची परवानगी मिळू शकते. आम्ही कारणे दाखवा नोटिशीचा आग्रह सोडला, वैयक्तिक सुनावणीत इन्व्हॉइस, लेबलाची छायाचित्रे आणि निर्यातदाराशी झालेला पत्रव्यवहार ठेवला आणि काहीही लपवलेले नाही हे दाखवले. बिल ऑफ एंट्रीत पेयाचे वर्णन आणि कॅफीनचे प्रमाण आम्ही स्वतःच खरे लिहिले होते, त्याचा इथे उपयोग झाला. ‘फ्लेवर्ड ड्रिंक’ असे गुळमुळीत वर्णन करा, असा सल्ला आयातदाराला सुरुवातीला कोणीतरी दिला होता. तो ऐकला असता तर चुकीच्या घोषणेचा आरोप जोडला गेला असता आणि दंडाचा आकडा वेगळाच दिसला असता. आदेशात बेताचा विमोचन दंड आणि बेताचा वैयक्तिक दंड लावून पुनर्निर्यातीस परवानगी मिळाली. आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागण्यास साठ दिवस होते, पण वकिलाची फी दंडाच्या पुढे जात असल्याने आयातदाराने तो विषय सोडला.

पैशाची बाजू

शुल्काचा हिशेब नव्या आयातदारांना नेहमी चकवतो. मालाची विमा व भाड्यासह किंमत १०० रुपये आणि मूळ सीमाशुल्क ३० टक्के धरले, तर त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ३ रुपये येतात आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर या १३३ रुपयांवर बसतो. सप्टेंबर २०२५ मधील बदलानंतर बिस्किटे आणि पास्ता ५ टक्क्यांच्या टप्प्यात आले, म्हणून हा कर ६ रुपये ६५ पैसे होतो आणि एकूण बोजा ३९ रुपये ६५ पैसे. कॅफीनयुक्त पेयांना त्याच बदलात ४० टक्के दर लागला. हे पेय सुटले असते तरी किरकोळ बाजारात ते परवडले असते का, याविषयी मला शंका आहे. वस्तू व सेवा कराची वजावट पुढील विक्रीत मिळते, सीमाशुल्क आणि अधिभार मात्र खर्चातच जातात.

खरे नुकसान शुल्काबाहेर झाले. करारात ३० टक्के रक्कम आगाऊ आणि बाकीची कागदपत्रे बँकेत पोहोचताच द्यायची होती. बँक कागद पाहून पैसे देते, मालाचे लेबल ती पाहत नाही. त्यामुळे कंटेनर उघडण्यापूर्वीच चारही मालांची पूर्ण किंमत इटलीला पोहोचली होती. करारात भारतीय मानकांचा उल्लेख नव्हता, लेबलाच्या पूर्वमंजुरीची अट नव्हती, उत्पादनानंतर किती दिवसांत माल चढवायचा तेही ठरलेले नव्हते. निर्यातदाराची भूमिका कोरडी होती, पण कराराला धरून होती. त्याने मागवलेला माल मागवलेल्या प्रमाणात आणि उत्तम स्थितीत दिला होता. पेयाची मुदत लांबची असल्याने आणि युरोपात ते विकता येणार असल्याने त्याने कॅन परत घेण्यास मान्यता दिली. क्रोसाँबद्दल त्याने काहीही देण्यास नकार दिला.

पुढील ऑर्डर

आयातदाराने पुढच्या हंगामासाठी पुन्हा त्याच निर्यातदाराकडे मागणी केली आहे आणि या वेळी करार माझ्या टेबलावरून गेला. प्रत्येक पदार्थाच्या लेबलाची छपाईपूर्व प्रत आणि घटकांची टक्केवारीसह यादी आधी येते. ती भारतीय मानकांशी ताडून लेखी मंजुरी दिल्यावरच उत्पादन सुरू होते. शेवटचा ४० टक्के हप्ता एफएसएसएआयच्या ना-हरकतीला बांधलेला आहे. निर्यातदाराने यावर बरीच घासाघीस केली आणि बदल्यात दर थोडा वाढवून घेतला. मला तो सौदा स्वस्त वाटतो. क्रोसाँ यादीतून गेले आहेत, कारण विमानाने आणले तर भेटपेटीच्या किमतीत बसत नाहीत आणि समुद्राने आणले तर ४८ दिवसांत बसत नाहीत. हेझलनटची बिस्किटे आता वेगळ्या पेटीत, तपकिरी त्रिकोणासह विकली जाणार आहेत.

एनर्जी ड्रिंकच्या उत्पादकाने भारतासाठी ३०० मिलिग्रॅमच्या आतले मिश्रण बनवण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी किमान मागणी काही पूर्ण कंटेनरांची ठेवली. भेटपेट्यांच्या व्यवसायाला ती झेपणारी नसल्याने तो विषय बंद झाला. परत गेलेल्या कॅनचे मूल्य निर्यातदाराने क्रेडिट नोटने मान्य केले आहे. जाण्या-येण्याचे भाडे, गोदाम आणि दंड यांचा वाटा कोणी किती उचलायचा, यावर दोघांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.